ओढलेल्या धाग्याचा वर्णपट (लेखांक सहावा)

रेणूंतील बंध सतत कंप पावत असतात आणि त्या कंपनांच्या खुणा वर्णपटात रेषांच्या रूपाने उमटतात, हे मागील लेखांकात पाहिले. बंधावर ताण आला किंवा तो तापला, तर ती रेषा कोठे सरकते, हा या लेखांकाचा विषय असून त्यासाठी सोलापूरच्या मागावरील सुती धागा हे उत्तम उदाहरण आहे. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘जुन्या गिरणी’पासून आजच्या चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांपर्यंत या शहराचा संसार ज्या धाग्यावर उभा राहिला, तो मूलतः सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजचे घटक एकापुढे एक जोडून निसर्गाने घडवलेल्या पॉलिमरचा, बनलेला असतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या परिणामानुसार, एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पडून विखुरला की त्यातील अत्यल्प भागाची वारंवारता रेणूंच्या कंपनांइतकी बदलते. हा बदल तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लाटांच्या संख्येत, मोजतात. सेल्युलोजच्या वर्णपटात १०९५ च्या आसपास जी ठळक रेषा दिसते, ती ग्लुकोजच्या घटकांना सांधणाऱ्या ऑक्सिजन-सेतूच्या कंपनाशी निगडित आहे. धागा ओढला की हा सेतू ताणला जातो, बंध किंचित सैल होतो आणि रेषा कमी तरंगसंख्येकडे सरकते. तंतूंना पिळून केलेल्या धाग्यात मात्र सगळेच तंतू सारखा भार घेत नाहीत, त्यामुळे एकूण ताण मोजणाऱ्या यंत्रापेक्षा ही रेषा अधिक बोलकी ठरते, कारण बाहेरून लावलेल्या ताणापैकी रेणूपर्यंत किती पोहोचला, हे तिच्यावरून कळते.

उष्णतेने गोष्ट गुंतागुंतीची होते. तापमान वाढले की साखळीच्या कण्याच्या रेषाही खाली सरकतात व रुंदावतात, म्हणून केवळ सरकण्यावरून ताण आणि उष्णता यांचा निवाडा करता येत नाही. येथे सेल्युलोजच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे हायड्रोजन-बंध उपयोगी पडतात: तापल्यावर ते दुबळे होतात आणि ३२०० ते ३५०० या पट्ट्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची रेषा उलट दिशेने, वर, सरकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी पडते. सुती तंतू ओला असताना अधिक बळकट असल्याने मागशाळेत ओलावा राखणे किती गरजेचे, हे विणकर अनुभवाने जाणतातच. अशा ओलसर धाग्याचा अभ्यास करताना अवरक्त किरणांपेक्षा रामन पद्धत सोयीची पडते, कारण पाणी अवरक्त किरण भरपूर शोषते, मात्र रामन वर्णपटात फारसे दिसत नाही. रंगवलेला धागा मात्र लेझरखाली स्वतःच प्रकाशू लागतो आणि क्षीण रेषा त्या उजेडात बुडून जातात. तेव्हा अवरक्ताजवळचा लेझर वापरावा लागतो.

शहरातील शालेय गणवेशांच्या उद्योगात चालणाऱ्या पॉलिएस्टर-मिश्रित कापडाची तऱ्हा याहून वेगळी आहे. सेल्युलोज वितळत नाही, जळून काळे पडते. पॉलिएस्टरच्या साखळ्या मात्र सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसला हालचालीस मोकळ्या होतात आणि २६० च्या सुमारास वितळतात. शिवाय पॉलिएस्टरचीही एक रेषा नेमकी १०९५ च्या परिसरातच येत असल्याने, मिश्र धाग्यात पॉलिएस्टरने किती भार उचलला हे पाहण्यासाठी त्याच्या बेंझीन-वलयाची १६१५ जवळची रेषा निवडावी लागते.