भिंतीची जाडी आणि उष्णतेचा रोध

भिंत जाड असली की घर थंड राहते, हा समज महाराष्ट्रात इतका रूढ आहे की त्याची फोड करण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः या एका समजुतीत दोन निरनिराळे गुण एकत्र झालेले आहेत : उष्णता साठवून ठेवण्याचा आणि उष्णतेस अडविण्याचा. पहिला गुण असलेल्या भिंतीत दुसरा असेलच असे नाही. घर थंड ठेवण्यासाठी होणारा विजेचा खर्च कमी करावयाचा तर हा भेद आधी स्पष्ट व्हावयास हवा.

मे महिन्यातील नागपूरचे उदाहरण घेता येईल. नऊ इंची विटांची, पश्चिमेस तोंड असलेली भिंत दुपारी चार-पाचच्या सुमारास सर्वाधिक तापते. ती उष्णता आतल्या बाजूस पोचावयास सुमारे सात तास लागतात. म्हणजे बाहेरची हवा निवू लागलेली असताना, नेमकी निजण्याच्या वेळी भिंत खोलीत उष्णता सोडू लागते. भिंतीने उष्णता अडविली नाही. ती केवळ उशिरा पोचविली. जुन्या वाड्यांच्या दोन फुटी भिंतींत दिवसाचा चढउतार आत येईपर्यंत जवळजवळ विरून जात असे. शहरातील जागेच्या आजच्या भावात ती जाडी परवडणारी नाही.

अडविण्याचे काम खरोखर स्थिर हवा करते. फेस आणून घट्ट केलेले पॉलिस्टायरीन किंवा खनिज लोकर यांचा उपयोग एवढाच की ती पदार्थाच्या बारीक पोकळ्यांत हवेस कोंडून ठेवतात. गिलाव्यासह नऊ इंची विटांच्या भिंतीतून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असता, दर चौरस मीटरला सुमारे 2 वॉट उष्णता जाते. तीवर 50 मिलिमीटर पॉलिस्टायरीनचा थर दिल्यास हे मान अर्ध्या वॉटवर येते. दहा चौरस मीटर भिंत व 15 अंशांचा फरक धरला तर 300 वॉटऐवजी सुमारे 80 वॉट. आजच्या उंच इमारतींतील 150 मिलिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत मात्र विटांहून वाईट. तिचे मान 4 वॉटच्या जवळ जाते. भक्कमपणा आणि रोध यांचा संबंध किती थोडा, हे यावरून दिसते.

‘रोधक’ हा शब्दही येथे काहीसा फसवा आहे. कोणताही थर उष्णता थांबवीत नाही, तिची गती मंद करतो. ‘दुर्वाहक’ या रूढ शब्दाऐवजी ‘मंदवाहक’ म्हटले तर ते अधिक यथार्थ ठरेल.

थर कोठे बसवावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. तो बाहेरून दिल्यास विटांचे वस्तुमान खोलीच्या बाजूस राहते आणि आतले तापमान स्थिर ठेवते. आतून दिल्यास ते वस्तुमान खोलीपासून तुटते. मात्र रात्री चार-सहा तासच वातानुकूलन चालणाऱ्या खोलीस हाच प्रकार सोयीचा, कारण यंत्रास भिंत थंड करीत बसावे लागत नाही. मुंबई-कोकणात ओलाव्याचा विचार सोडता येत नाही. वातानुकूलित खोलीच्या भिंतीत बाष्प बाहेरून आत शिरते. म्हणून बाष्परोधक पडदा थराच्या बाहेरच्या अंगास हवा. थंड देशांतील रीत याच्या उलट आहे व ती जशीच्या तशी उचलल्यास भिंतीत पाणी साचते. स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. भिजलेली लोकर म्हणजे फुकट गेलेला पैसा.

सर्वच भिंतींना थर देण्याचे कारण नाही. मेच्या उत्तरार्धात नागपुरात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडतच नाही. बैठ्या घरात आधी छत, मग पश्चिम, नंतर पूर्व हा क्रम योग्य. 2018 च्या इको निवास संहितेने भिंती व खिडक्या यांतून मिळून शिरणाऱ्या उष्णतेस उष्ण प्रदेशांत दर चौरस मीटरला 15 वॉटची मर्यादा घातली आहे. उघड्या काचेची मोठी खिडकी असेल तर भिंतीवरचा थर एकटा ती मर्यादा राखू शकत नाही. आणि वातानुकूलन नसलेल्या घरात रात्री खिडक्या बंदच राहिल्या, तर चुलीची व माणसांची उष्णता हाच थर आत कोंडून ठेवतो.