सहा महिन्यांची मुदत

मागच्या भागात आपण पाहिले की, सारी माणसे समान आहेत असे 1776 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. यावर एक आक्षेप हमखास येतो: तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने तेव्हाच्या मालकांना कशाला मोजायचे? आक्षेप वजनदार आहे, पण मग तो काळ तरी नीट पाहायला हवा. पेनसिल्वेनियाने 1780 मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला होता. व्हर्जिनियात 1782 पासून मालकाला आपले गुलाम मुक्त करायची कायदेशीर मोकळीक होती, आणि तिथल्याच रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने 1791 मध्ये रीतसर दस्त करून साडेचारशेहून अधिक जणांच्या मुक्तीची व्यवस्था लावली. शिवाय त्या काळात गुलामही जगत होतेच. काळाचे मत म्हणताना त्यांचे मत धरायचे की नाही?

जॉर्ज वॉशिंग्टनचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. राजधानी 1790 मध्ये फिलाडेल्फियाला आली आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनबरोबर त्याच्या व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या जमीनदारीतले काही गुलामही आले. पेनसिल्वेनियाचा नियम असा की, परराज्यातल्या मालकाने आणलेला गुलाम तिथे सहा महिने राहिला की तो स्वतंत्र. मुदत भरण्याआधी त्याला राज्याबाहेर फिरवून आणले की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून! ही पळवाट 1788 च्या दुरुस्तीने बुजवली होती, तरी वॉशिंग्टनच्या घरी तीच वापरली गेली. कधी माउंट व्हर्ननची फेरी, कधी नदी ओलांडून न्यू जर्सीत थोडा मुक्काम. एप्रिल 1791 मध्ये त्याने आपला सचिव टोबायस लिअर याला कळवले की, हे अशा निमित्ताने करावे की गुलामांना आणि लोकांनाही खरे कारण कळू नये. काळाला ज्यात काही वावगे वाटत नव्हते, ते लोकांपासून लपवायचे कशाला? लोक काय म्हणतील हे त्याला ठाऊक होते, आणि कायदा कळला तर गुलाम काय करील हेही.

त्याने मृत्युपत्राने गुलाम मुक्त केले, हे कोणी दाखवून देईल. ते खरेच आहे, आणि त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. जुलै 1799 च्या त्या मृत्युपत्रात 123 जणांच्या मुक्तीची तरतूद होती. पण माउंट व्हर्ननवरचे दीडशेहून अधिक गुलाम त्याची पत्नी मार्था हिच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मालमत्तेतले होते. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार वॉशिंग्टनला नव्हता. मार्थाची दासी ओना जज त्यांतलीच. आपल्याला मार्थाच्या नातीला देऊन टाकणार हे कळल्यावर ती मे 1796 मध्ये फिलाडेल्फियातून निसटली आणि न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तुमच्या पश्चात मला मुक्त करणार असाल तर परत येते, असा निरोप तिने धाडला. वॉशिंग्टनने तो धुडकावला: पळालेलीला असे बक्षीस दिले तर निष्ठेने राहिलेल्यांवर अन्याय होईल, हे त्याचे कारण. पुढे मृत्युपत्र लिहून झाल्यावर महिनाभराने, ऑगस्ट 1799 मध्ये, त्याने मार्थाच्या भाच्याला पत्र लिहून ओनाला परत आणण्याचे काम सोपवले. भाचा गेला, पण तिला आधीच सूचना मिळाली होती. ती त्याच्या हाती लागली नाही. 1848 मध्ये ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती कस्टिस घराण्याचीच मालमत्ता होती.