जेलच्या थेंबातलं आतडं

मोठ्या आतड्याचा कॅन्सर डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची बरीचशी वाटचाल उरकलेली असते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी या वाटचालीचा आराखडा मांडला. एकामागून एक जनुकं बिघडत जातात आणि साध्या पॉलिपचा कॅन्सर होतो, असं त्यांचं म्हणणं. आराखडा पटणारा होता, पण तो काढलेल्या गाठी तपासून बांधलेला. कुठला बिघाड पेशीला नेमकं काय मिळवून देतो, हे माणसाच्या निरोगी पेशीत पाहायची सोय नव्हती. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवल्या गेल्या त्या प्रामुख्याने हेलासारख्या, मुळातच कॅन्सरच्या पेशी.

सोय झाली ती नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तच्या ह्युब्रेख्त संस्थेत. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं, ते त्यातल्या मूळपेशींमुळे. त्या ओळखायची खूण, एलजीआर५ हे जनुक, हान्स क्लेव्हर्स यांच्या गटातल्या निक बार्कर यांनी २००७ मध्ये दाखवली. दोन वर्षांनी त्याच गटात जपानहून आलेल्या तोशिरो सातो यांनी उंदराची अशी एकच पेशी जेलच्या थेंबात ठेवली. शरीरात शेजारच्या पेशी जे वाढीचे संकेत देतात, ते बाहेरून पुरवले. पेशीतून पोकळ, कोंब फुटलेलं, आतड्याच्या अस्तराचं इवलंसं रूप उगवलं. हा ऑर्गनॉइड. ज्या जेलमध्ये तो वाढतो ते उंदराच्या एका गाठीपासूनच काढतात, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. २०११ पर्यंत माणसाच्या आतड्याचेही ऑर्गनॉइड वाढू लागले.

पुढे रुग्णांच्या गाठींचे ऑर्गनॉइड करून त्यांवर औषधं तपासण्याचा बराच गाजावाजा झाला. माझ्या मते खरा मोलाचा प्रयोग २०१५ चा. उट्रेख्तच्या गटाने माणसाच्या निरोगी ऑर्गनॉइडमध्ये क्रिस्पर या जनुकं कापून बदलण्याच्या तंत्राने चार जनुकं बदलली: एपीसी, पी५३, केरास आणि स्मॅड४. बदल झालेल्या पेशी निवडायची युक्ती फार सुंदर आहे. पेशींच्या अन्नद्रवातून डब्ल्यूएनटी हा संकेत काढून घेतला की निरोगी पेशी मरतात, एपीसी बिघडलेल्या तगतात. ईजीएफ हा वाढीचा संकेत काढला की केरास बदललेल्या उरतात. नॉगिन हे प्रथिन काढलं की स्मॅड४ गमावलेल्या. पी५३ साठी वेगळी परीक्षा: ते जनुक शाबूत असेल तर पेशीची वाढ रोखणारं न्यूटलिन हे रसायन द्रवात घालायचं. म्हणजे प्रत्येक बिघाडाने पेशी शेजाऱ्यांच्या एकेका हुकमातून सुटते, आणि हे सुटणं डोळ्यांसमोर घडतं. एपीसी आणि पी५३ ही दोनच जनुकं गेली तरी गुणसूत्रांची संख्या बिघडू लागते, हेही तिथेच दिसलं. चारही बदल झालेले ऑर्गनॉइड उंदरांत रोवल्यावर आसपासच्या ऊतीत घुसणाऱ्या गाठी झाल्या. त्याच वर्षी टोकियोच्या केइओ विद्यापीठात सातो यांच्या गटानेही असंच करून दाखवलं.

थेंबात रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात. त्यामुळे कॅन्सर पसरतो कसा, याचं पूर्ण उत्तर इथे मिळणार नाही. सुरुवातीबद्दल मात्र हे साधन फार बोलकं आहे. २०२० मध्ये क्लेव्हर्स यांच्या गटाने ऑर्गनॉइडच्या पोकळीत ई. कोलाय या जिवाणूचा असा वाण सोडला, जो कोलिबॅक्टिन हे डीएनएला इजा करणारं द्रव्य तयार करतो. पाच महिने पुन्हापुन्हा सोडला. पेशींच्या डीएनएवर बदलांचा एक ठरावीक ठसा उमटला, आणि तोच ठसा रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही सापडला.

आता हा ठसा आणखी एका प्रश्नावर उपयोगी पडतो आहे: तरुण वयात हा कॅन्सर का होतो? ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या २०२५ मधल्या अभ्यासात, चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनचे बदल सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक आढळले. ते वयाच्या पहिल्या दहा वर्षांत घडत असावेत, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.