भाता वाढवण्याआधी भट्टी बघा

परवा सकाळी पुतण्या आला तो हातात कागद घेऊनच. त्याची टर्बो पेट्रोल गाडी सेकंडहँड. आता तिच्यात फोर्ज्ड पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड आणि नवी कॅमशाफ्ट बसवायची होती.

"काका, एवढं केलं की पॉवर किती वाढेल?"

"नुसतं एवढंच केलंस तर जवळजवळ शून्य," मी म्हणालो. "कदाचित थोडी कमीच होईल."

त्याचा चेहरा पडला. पण खरी गोष्ट तीच आहे.

इंजिनाची ताकद हवेवर ठरते. जितकी हवा सिलिंडरमध्ये जाईल, त्या मापानेच पेट्रोल जळणार. साधं इंजिन ही हवा स्वतःच्या दमावर ओढतं. टर्बो इंजिनाला मात्र लोहाराचा भाताच जोडलेला असतो, आणि तो फिरतो बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर. वातावरणाच्या दाबावर आणखी तेवढाच दाब दिला की ढोबळमानाने दुप्पट हवा आत जाते. ताकद वाढवतो तो भाता. पिस्टन आणि रॉड यांच्याकडे काम आहे ते मार सोसण्याचं.

हा मार साधा नसतो. दाबलेली हवा तापते. तीच पिस्टनने आणखी दाबली की सिलिंडरमधलं मिश्रण कुठेतरी आपोआप भडकतं. मेकॅनिक यालाच नॉकिंग म्हणतात. हातोडीचे घाव बसावेत तसे ते घाव, आणि ओतीव पिस्टन त्याने तडकतो. म्हणून दाब वाढवणारे कॉम्प्रेशन उतरवतात. पण 9 चं प्रमाण 8 वर आणलं, तर कागदी हिशेबानेही तीन-चार टक्के ताकद जाते. टर्बो जागा होईपर्यंत पिकअप मंद! फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्यामुळे फट जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखडतं. शर्यतीच्या कॅमशाफ्टने दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदम उघडे राहतात. साध्या इंजिनाला वरच्या वेगात ते मानवतं. टर्बोत एक्झॉस्टकडचा दाब जास्त असला, तर जळका वायू उलटा आत शिरतो.

मग हा खटाटोप करायचा कशाला? बीएमडब्ल्यूचं उदाहरण घ्या. 1962 मध्ये त्यांच्या 1500 या घरगुती गाडीचं इंजिन 80 हॉर्सपॉवरचं होतं. त्याच बीडाच्या ब्लॉकच्या घराण्यातून पॉल रोशे यांनी फॉर्म्युला वनचं दीड लिटरचं टर्बो इंजिन घडवलं. 1983 मध्ये नेल्सन पिके त्यावर जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावर ड्रायव्हरने मिळवलेलं ते पहिलं विजेतेपद. 1986 च्या पात्रता फेऱ्यांत ही ताकद हजार हॉर्सपॉवरच्या पुढे गेली होती. ती दिली टर्बोच्या दाबाने; आतल्या मजबूत भागांनी ती सोसली, आणि तीही थोड्याच फेऱ्यांपुरती.

हे मी पुस्तकी सांगत नव्हतो. 1999 मध्ये एका टर्बो डिझेल जीपचा पंप मीही वाढवून घेतला होता. आतल्या कशालाही हात लावला नाही. दोन महिने गाडी वाऱ्यासारखी पळाली. मग खंबाटकीच्या चढावर धूर झाला आणि इंजिन बसलं. हेड उघडलं तर एका पिस्टनला भोक! मागच्या सीटवर आई होती. रात्री नऊपर्यंत ती घाटात एका दगडावर बसून राहिली. मला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणंच अजून टोचतं.

"म्हणजे करूच नको?" पुतण्याने विचारलं.

"कर की. पण क्रम लक्षात ठेव. आधी आहे ते इंजिन तपासून घे. किती दाब हवा ते ठरव. त्या दाबाला पुरतील असे पिस्टन आणि रॉड घाल, इंधन आणि कूलिंग जुळव, आणि भाता सगळ्यात शेवटी वाढव. आणि एवढं करून पळणारी गाडी थांबवायची कशी, तेही बघ."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पहिली ओळ लिहिली: ब्रेक.