दोन मिलिमीटरचा घोळ

रविवारी सकाळी मित्राने फोटो टाकला. टेम्पोतून उतरवलेले चार चकाचक १५ इंची अलॉय, खाली मेसेज, 'जमलं रे!' दुपारी दुसरा मेसेज : 'बसत नाहीयेत.'

गाडी त्याची जुनी फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. २००१ मध्ये पालिओ आली तेव्हा सचिन तिच्या जाहिरातीत होता आणि ही १.६ म्हणजे खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार. आजही ती जिवापाड जपणारी मुलं आहेत. अलॉय मात्र स्विफ्टचे निघाले. ‘चार होल आहेत ना, मग कुठल्याही गाडीला बसतात,’ असं दुकानदार म्हणाला, आणि पगारातून साठवलेले सोळा हजार तिथेच गेले.

नुसती होल मोजून काही कळत नाही. त्या होलांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, जुळायला हवा. स्विफ्टचा १०० मिलिमीटर, पालिओचा ९८. मोजायची युक्ती सोपी आहे : एका होलच्या डाव्या कडेपासून समोरच्या होलच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्निअर लावा. पट्टीने मोजाल तर ९८ आणि १०० सारखेच वाटतील.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. पालिओचा हब ५८.१ मिमीचा, स्विफ्टच्या चाकाचं भोक ५४.१. म्हणून चाक हबवर चढेचना. यावर गॅरेजवाल्याने तोडगा काढला, ‘लेथवर भोक मोठं करू, बोल्ट जरा जोर लावून आवळू, होऊन जाईल.’

हे 'होऊन जाईल' फार महाग पडतं, मंडळी. दोन मिलिमीटरच्या फरकात प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर तिरका ओढला जातो. त्याचा निमुळता भाग चाकात पूर्ण टेकत नाही, बोल्ट वाकतो, चालता चालता ढिला होतो. गल्लीत काही जाणवणार नाही. एक्स्प्रेसवेवर स्टीअरिंग थरथरायला लागलं की कळेल, आणि तेही नशीब चांगलं असेल तर. सरकत्या कॉलरचे खास 'वॉबल बोल्ट' मिळतात. चांगल्या प्रतीचे असले आणि चाक हबवर घट्ट बसत असलं तर चालतात. पण माझं विचाराल तर सरळ ९८ चं चाक शोधा. पालिओचीच भावंडं सिएना आणि पेट्रा, त्यांची चाकं बसतात. नव्या बाजारू अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. तिथे मापाची हब रिंग मागून घ्या.

आणखी एक भानगड. फियाटला नट नाही, बोल्ट असतो. अलॉयची जाडी लोखंडी डिस्कपेक्षा जास्त, त्यामुळे जुने बोल्ट आखूड पडू शकतात. हाताने फिरवून बघा, निदान नऊ-दहा आटे तरी आत गेले पाहिजेत.

चाकाच्या मागच्या बाजूला 'ईटी' आणि पुढे आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट. आकडा दहाने कमी झाला की चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला भारी, पण मागे तिघं बसून स्पीडब्रेकरवरून गेलात की टायर मडगार्डला घासतो. शिवाय चाक रुंद असेल तर ते आतल्या बाजूलाही सरकतं.

टायरचा हिशेब कॅल्क्युलेटरवर होतो. १७५/६५ आर १४ ची उंची ५८३ मिमी, १८५/५५ आर १५ ची ५८४.५. म्हणजे स्पीडोमीटर जवळपास खरं बोलेल. १८५/६० आर १५ घेतलात तर ६०३, आणि काटा कमी वेग दाखवायला लागेल.

टायर चढवण्याआधी नुसतं चाक लावून बघा. ब्रेक कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती थापा, चाक एक फेरा फिरवा, काढा. माती दबली असेल तर तिथे जागा कमी आहे. मग टायर लावून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा.

मित्राने तो सेट दोन हजारांच्या तोट्यात एका स्विफ्टवाल्याला विकला. गेल्या आठवड्यात चिंचवडला दुसरा सेट बघायला आम्ही दोघं गेलो. त्याने खिशातून व्हर्निअर काढलं, मधलं भोक मोजलं. ५८.१. मग होल मोजली. ९८. दुकानदार बघतच राहिला.

‘इंजिनिअर आहात का साहेब?’

‘नाही हो,’ मित्र म्हणाला, ‘कॉमर्सचा आहे. दोन हजारांचा क्लास लावला होता.’