दार क्रमांक 3128

साधारण 2000 ते 2010 या काळात महाराष्ट्रातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला 3128 हा आकडा सांगून बघावा. बऱ्याच जणांना तो जुन्या रोल नंबरासारखा आठवतो. ब्राउझरच्या लॅन सेटिंग्जमधली ती राखाडी चौकट, तिच्यात एक आयपी पत्ता, आणि शेजारच्या छोट्या खणात 3128. हे भरल्याशिवाय इंटरनेट नाही. मनाई असलेली साइट उघडायला गेलं की समोर पांढरं पान, त्यावर इंग्रजीत ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आणि खाली ‘कॅशे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ला गाठण्याचा सल्ला. हा गृहस्थ कोण, कुठे बसतो, हे कुणालाच ठाऊक नसे.

त्या पानामागचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा स्क्विड असायचा. 3128 हे त्याचं जन्मापासूनचं दार, म्हणजे पोर्ट.

स्क्विड हा वेब प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेट आणि आपल्यामधला मध्यस्थ. आपण पान त्याच्याकडे मागायचं, तो ते बाहेरून आणून देतो, एक प्रत स्वतःकडे ठेवतो आणि दुसऱ्या कुणी तेच मागितलं तर बाहेर न जाता घरातली प्रत काढून देतो. ही कल्पना स्क्विडची नव्हे. ज्या सर्न प्रयोगशाळेत वेब जन्मलं तिथल्याच वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सीची सोय होती, आणि 1994 साली जिनिव्हात भरलेल्या पहिल्या वेब परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन अल्टिस यांनी त्यावर निबंध मांडला. फायरवॉलच्या आत अडकलेल्यांना बाहेरचं वेब दिसावं ही त्यामागची मुख्य गरज. साठवण हा वरचा फायदा होता.

साठवणीचा मुद्दा पुढे आणला तो हार्वेस्ट या अमेरिकी संशोधन प्रकल्पाने. त्यातल्या कॅशेची, म्हणजे प्रती साठवणाऱ्या प्रोग्रॅमची, एक फांदी व्यापारी झाली. तिच्याआधीची खुली प्रत घेऊन ड्युएन वेसल्स यांनी दुसरी फांदी वाढवली, ती स्क्विड. हे काम एनएलएएनआर या संशोधन संस्थेत, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चाललं, आणि जुलै 1996 मध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली. स्क्विड हे खरं तर विकास चालू असतानाचं टोपणनाव. तेच कायमचं चिकटलं.

तो काळ आठवायला हवा. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. फोनच्या तारेवरून, मोडेमच्या किंचाळीसह येणारं इंटरनेट. एकच चित्र एका इमारतीतल्या तीस जणांनी तीस वेळा समुद्रापलीकडून ओढणं ही तेव्हा चैन होती. अमेरिकेतही अवस्था फार श्रीमंतीची नव्हती. म्हणून वेसल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅशेंची उतरंडच रचली. आपल्याकडे पान नसेल तर आधी शेजारच्या कॅशेला विचारायचं, मग वरच्याला. स्क्विडच्या परिभाषेत वरचा तो पालक आणि शेजारचं ते भावंड. या विचारपुशीची रीत 1997 मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत रीतसर नोंदवली गेली आणि तिच्यासाठी 3130 हे दुसरं दार ठरलं.

आता स्क्विड बसवण्याकडे वळू. प्रोग्रॅम एकच असला तरी डेबियनवर, रेड हॅटवर, फ्रीबीएसडीवर, मॅकवर आणि विंडोजवर, अशा निरनिराळ्या प्रणालींवर, तो बसवताना त्या त्या घराच्या रीती कळतात, स्क्विडबद्दल कळतं त्यापेक्षा जास्तच.

डेबियन आणि तिची लेक उबंटू यांचा स्वभाव उत्साही. ‘एपीटी’ या तिथल्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला स्क्विड बसवायला सांगितलं की तो उतरतो, बसतो आणि न विचारता सुरूही होतो. ‘प्रॉक्सी’ नावाच्या, फारसे अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. सेटिंगची फाइल ‘स्क्विड डॉट कॉन्फ’. ती उघडणाऱ्या नवख्याला घाम फुटतो, कारण हजारो ओळी समोर येतात. त्यातल्या बहुतेक नुसत्या टिपा असतात, कामाच्या ओळी दोन-तीन डझन. संपूर्ण मार्गदर्शिकाच सेटिंगच्या पोटात भरण्याची ही हौस काहींना वैताग वाटते. पण सर्व्हर रूममध्ये इंटरनेट बंद पडलेलं असताना मदतीला तीच येते.

गंमत अशी की सुरू झालेला हा स्क्विड शेजाऱ्यांना आत घेत नाही. डेबियनच्या मूळ फाइलमध्ये फक्त त्याच यंत्राला परवानगी असते. आतल्या नेटवर्कला मुभा देणारी ओळ लिहिलेली असते, पण तिच्यापुढे टिपेची खूण लावलेली. ती खूण काढेपर्यंत साऱ्या लॅबला पांढरं पान.

रेड हॅट घराणं नेमकं उलटं. तिथे फाइल आटोपशीर, टिपांचं पुस्तक वेगळं काढून ठेवलेलं आणि आतल्या नेटवर्कला मुभा आधीच दिलेली. पण स्क्विड आपणहून सुरू होत नाही; सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आत्ता सुरू कर आणि यंत्र पुन्हा चालू झाल्यावरही कर. तरी शेजारच्या यंत्रावरून काही दिसत नाही, कारण फायरवॉलने 3128 अडवलेला असतो. तोही उघडला, मग साठवण दुसऱ्या मोठ्या डिस्कवर नेली, फोल्डरची मालकी बरोबर दिली, परवानग्या दोनदा तपासल्या, आणि स्क्विड म्हणतो लिहिता येत नाही. इथे नवखा रात्र काढतो. कारण असतं एसई-लिनक्स. या पहारेकऱ्याला मालकीचे कागद पुरत नाहीत. फोल्डरवर ‘ही स्क्विडची साठवण’ असा वेगळा शिक्का हवा असतो. इंटरनेटवरचा सर्रास सल्ला असतो की पहारेकरीच बंद करा. शिक्का मारायला दोन आज्ञा लागतात, त्यामुळे हा सल्ला आळशीपणाचाच म्हणायचा.

फ्रीबीएसडीवर नीटनेटकेपणा एवढा, की तिथून परतणाऱ्याला लिनक्स पसारा वाटू लागतो. मूळ प्रणाली एका जागी आणि बाहेरून आणलेलं सगळं ‘यूझर-लोकल’खाली, अशी तिथली शिस्त. त्यामुळे स्क्विडची सेटिंग फाइलही नेहमीच्या ‘ईटीसी’मध्ये न सापडता ‘यूझर-लोकल’च्या आतल्या ‘ईटीसी’मध्ये सापडते. सुरू करण्यापूर्वी ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्ये स्क्विडच्या नावापुढे ‘येस’ लिहावं लागतं. न लिहिता सुरू करायला गेलं तर प्रणाली तेवढं सांगून गप्प बसते.

मॅकवर होमब्रू हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम एका आज्ञेत काम करतो. फक्त अ‍ॅपलच्या नव्या चिपवर होमब्रूचा मुक्काम ‘ऑप्ट’ फोल्डरात हलला असल्याने जुने लेख वाचून फाइल शोधणारे चकवा लागल्यासारखे फिरतात. मॅकवर स्क्विड बसवणारा माणूस बहुधा विकसक असतो, स्वतःच्या प्रोग्रॅमची चाचणी घेणारा. कार्यालयभर इंटरनेट वाटायला मॅक कुणी ठेवत नाही.

आणि विंडोज. स्क्विडची सारी जडणघडण युनिक्सची. विंडोजवर तो चालतो तो सिगविन या दुभाष्याच्या आधाराने. डिलाडेल या कंपनीने बनवलेला इन्स्टॉलर नेहमीसारखा ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत बसतो आणि विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत आपली नोंद करतो. इथवर सगळं देशी. पण सेटिंगमध्ये साठवणीचा पत्ता लिहायला गेलं की डी ड्राइव्हला ‘सिगड्राइव्ह’च्या आतला ‘डी’ म्हणावं लागतं, तिरक्या रेषाही युनिक्सच्या. शिवाय त्या फाइलमध्ये डीएनएससाठी 8.8.8.8 हा गूगलचा पत्ता आधीच भरलेला असतो. बाहेरच्या साइट उघडतात, पण ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव गूगलला कुठून माहीत असणार! ती ओळ बदलायची असते हे बहुतेकांना तक्रारी आल्यावर कळतं. विंडोजवरच्या आवृत्त्या मूळ प्रकल्पाच्या बऱ्याच मागेही राहिल्या. त्यामुळे आज विंडोज सर्व्हरवर प्रॉक्सी हवाच असेल तर त्यात एक छोटं आभासी लिनक्स यंत्र उभं करून स्क्विड तिथे बसवणं जास्त शहाणपणाचं.

मागे राहणं इथे साधी गोष्ट नाही. 2021 मध्ये जोशुआ रॉजर्स या सुरक्षा संशोधकाने स्क्विडची कसून तपासणी केली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 55 दोष जाहीर केले; त्यातले 35 तेव्हाही दुरुस्त झालेले नव्हते. हलगर्जीपणा म्हणावा तर सांभाळणारी माणसं मूठभर, बरीचशी स्वयंसेवक. विकिपीडियासारख्या साइटचा भार ज्या प्रोग्रॅमने अनेक वर्षं पेलला त्याची ही स्थिती. तेव्हा कोणत्याही घरात तो बसवला तरी त्या घराची नियमित डागडुजी येत राहील हे पाहावं लागतं.

दुसरी काळजी दाराची. स्क्विडचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तोच अंतिम. वैतागून कुणी सर्वात वर ‘सगळ्यांना परवानगी’ लिहितो आणि काम झालं म्हणून घरी जातो. यंत्र थेट इंटरनेटवर असेल तर अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम लवकरच येऊन पोचतात, आणि मग परक्यांचे उद्योग त्या संस्थेच्या पत्त्यावर नोंदले जातात.

मधल्या काळात वेबही बदललं. जुलै 2018 पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटना ‘असुरक्षित’ म्हणू लागला, आणि आज जवळपास सगळी रहदारी कुलूपबंद आहे. कुलूपबंद पाकिटाची प्रत स्क्विड ठेवणार कशी? तो दोन टोकांमध्ये बोगदा काढून देतो आणि नोंदवहीत ‘टीसीपी टनेल’ लिहून बाजूला होतो. कोण कुठे गेलं एवढं त्याला कळतं, काय पाहिलं ते नाही. साठवणीसाठी जन्मलेला प्रोग्रॅम आता बहुतांशी दरवान म्हणून नोकरीला आहे.

जुना धंदा अगदीच बुडालेला नाही मात्र. डेबियनची पॅकेजेस आजही साध्या एचटीटीपीवरून येतात, कारण त्यांची खातरजमा स्वाक्षरीने होते. चाळीस डेबियन यंत्रांची लॅब असेल तर स्क्विड अजूनही पंचवीस वर्षांपूर्वीसारखा कामाला येतो. फक्त बसवल्या बसवल्या तो डिस्कवर काहीच साठवत नाही; साठवणीच्या ओळीपुढेही टिपेची खूण असते. ती काढायची. 4 एमबीहून मोठी वस्तू न ठेवण्याची मूळ मर्यादा वाढवायची, आणि ती ओळ साठवणीच्या ओळीच्या वर लिहायची. मग ‘झेड’ची खूण देऊन स्क्विडकडून फोल्डर बनवून घ्यायचे, 16 आणि प्रत्येकाच्या पोटात 256. एका यंत्रावर पॅकेज उतरवलं की नोंदवहीत ‘मिस’ उमटतं. दुसऱ्या यंत्रावर तेच मागवलं की ‘हिट’. उरतात अडतीस यंत्रं.