साबणाचा खर्च कुणाच्या खात्यात?

पाणीच नाही, ही सबब नवी मुंबईला सहसा सांगता येत नाही. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना पुरवण्यापर्यंत या शहराची मजल गेली आहे. २०२०, २०२२ आणि २०२३ या वर्षांच्या स्वच्छ सर्वेक्षणात शहर मोठ्या शहरांच्या यादीत देशात तिसरे आले. तरीही शाळेच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न इथे वेगळा काढून बोलण्याची गरज आहे. पहाटे झाडलेला रस्ता सकाळी साऱ्या शहराला दिसतो. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी दोन वाजता काय अवस्था असते, हे मात्र त्या मुलींनाच ठाऊक असते. शिवाय बांधकामाचे उद्घाटन होते, फोटो येतो, बिल निघते. संपलेला साबण पुन्हा ठेवण्याचे श्रेय कुणालाच मिळत नाही. म्हणून शाळांची गरज आता नव्या फरश्यांपेक्षा रोजच्या देखभालीची आहे, आणि त्या देखभालीला स्वतंत्र पैसा, ठरलेला माणूस आणि वेळापत्रकात जागा मिळाली पाहिजे.

या म्हणण्याला देशपातळीवरचा पुरावा आहे. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक केली. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी ती वर्षभरात प्रत्येक शाळेत उभी करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी चार लाखांहून अधिक शौचालये पूर्ण झाल्याचे सरकारने जाहीर केले. यातली लाखाहून अधिक सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी बांधली होती. त्यांपैकी सुमारे २,७०० शौचालयांची भारताच्या महालेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष पाहणी केली. तिचा अहवाल २०२० मध्ये संसदेपुढे आला. ७२ टक्के शौचालयांत आतमध्ये वाहते पाणी नव्हते, ५५ टक्के ठिकाणी हात धुण्याची सोयच नव्हती आणि दिवसातून एकदा सफाईचा नियम ७५ टक्के ठिकाणी पाळला जात नव्हता. ही पाहणी नवी मुंबईची नाही आणि इथल्या सगळ्याच शाळा अशा आहेत असे मुळीच नाही. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणजे काम झाले, हा समज किती महागात पडतो ते तिच्यातून कळते.

अर्धवट सोय उपद्रवीही ठरू शकते. पश्चिम केनियातल्या प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवी शौचालये मिळालेल्या शाळांतल्या मुलींच्या हातांवर ई. कोलाय जिवाणू सापडण्याचे प्रमाण उलट वाढलेले दिसले. शौचालयाचा वापर वाढला, पण साबण-पाण्याची खात्री नव्हती, तर दुसरे काय होणार? याच्या उलट बाजू कराचीच्या झोपडवस्त्यांत दिसली. तिथे घरोघरी साबण आणि हात धुण्याची शिकवण दिल्यावर पंधरा वर्षांखालच्या मुलांमधला अतिसार निम्म्याहून अधिक घटला, असे २००५ चे संशोधन सांगते. महागडा जंतुनाशक साबण आणि साधी वडी यांच्या परिणामात फरक पडला नाही, हे त्यातले विशेष. शौचालयाचे स्वतःचे महत्त्व याने कमी होत नाही. भारतातल्या शाळांच्या आकडेवारीवरून संशोधक अंजली अदुकिया यांनी दाखवले आहे की लहान मुलांची पटसंख्या कोणत्याही शौचालयाने वाढते, वयात येणाऱ्या मुलींची मात्र स्वतंत्र शौचालय असेल तरच. शौचालयामुळे मुलगी शाळेत येते, साबण-पाण्यामुळे ती आजारी पडत नाही. शाळेला दोन्ही सोयी लागतात.

आता पोषण आहाराची वेळ डोळ्यांपुढे आणा. पाचशे मुले, दहा तोट्या, म्हणजे एका तोटीमागे पन्नास मुले. साबण लावून, चोळून, धुवायला प्रत्येकाला चाळीस सेकंद धरले तरी रांग संपायला तेहतीस मिनिटे लागतात. अर्ध्या तासाच्या मधल्या सुट्टीत हे बसतच नाही. मग मुले बोटे ओली करून खिचडीच्या ताटाकडे पळतात, आणि आपण म्हणतो की मुलांना सवय नाही. स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या निकषांत एका वेळी दहा-बारा मुलांना हात धुता येतील अशी रांगेतली सोय आणि दर चाळीस मुलांमागे एक शौचकूप व तीन मुताऱ्या सांगितल्या आहेत, त्या यासाठीच. तोट्या वाढवणे किंवा वर्गांच्या सुट्ट्या दहा मिनिटांनी पुढेमागे करणे, हे दोन्ही जमण्यासारखे आहे. शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरत असेल तर सफाईही दोनदा हवी. नाहीतर दुपारच्या मुलींच्या वाट्याला सकाळची घाण येते. त्या मग पाणी पिणेच टाळतात, लघवी दाबून धरतात आणि पाळीच्या दिवसांत घरी राहतात.

पैशाचा आक्षेप पहिला येतो. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत २५० ते १,००० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला ७५,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान आहे आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे आहेत. ७,५०० रुपये, म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेत दर मुलामागे वर्षाला पंधरा रुपये. एवढ्यात सफाई कामगाराचा पगार निघणार नाही, हे खरेच; तो महापालिकेच्या अंदाजपत्रकातच आला पाहिजे. साबण मात्र निघतो. मुले साबण पळवतात, तोट्या मोडतात, हीही तक्रार असते. जाळीच्या पिशवीत बांधून टांगलेली वडी किंवा बाटलीतले साबणाचे पाणी पळवण्यात कुणाला रस नसतो, आणि मोडलेली तोटी त्याच आठवड्यात बदलली तर दुसरी मोडण्याची सवय लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिघा, तुर्भे किंवा दगडखाणींच्या वस्त्यांतल्या अनेक मुलांच्या घरीच नळ किंवा शौचालय नाही; मग शाळेत शिकवून काय उपयोग? पण घरी सोय नाही म्हणूनच शाळेतल्या सोयीचे मोल जास्त आहे. प्रत्येक झोपडीत नळ पोचवायला वर्षे लागतील, शाळेत तो आजच आहे. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा. शौचालयाची सफाई शिक्षकांवरही टाकू नये आणि मुलांवर तर नाहीच. सफाईचा ठेका, तिच्या वेळा आणि तपासणी ही प्रशासनाची जबाबदारी आहे.

पालकांनाही इथे अधिकार आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्य महिला. समितीच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या: या महिन्यात साबणावर किती खर्च झाला, स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुतले जाते आणि बंद तोटी किती दिवसांत दुरुस्त होते? उत्तरे तोंडी घेऊ नका, लेखी मागा.